बिनआवाजाचा कार्यक्रम

सोसायटीचा वर्धापनदिन या वर्षी अजिबात आवाज न करता साजरा करायचा, असं सेक्रेटरी दशरथ चिखलेने सांगितलं तेव्हा कमिटीला आधी ती थट्टाच वाटली. बोरीवलीच्या सागरछाया सोसायटीत वर्धापनदिन म्हणजे गच्चीवर भाड्याचे स्पीकर, त्यावर कराओके आणि खजिनदारांचं दरवर्षीचं तेच एक गाणं. आवाज काढून घेतला तर उरतं काय, असं खजिनदारांनी जरा दुखावल्या स्वरात विचारलं. ढोकळा उरतो, असं दशरथ म्हणाला. माणूस सेक्रेटरी झाला की त्याची विनोदबुद्धी पहिल्या वर्षातच संपते, त्यामुळे हे तो गंभीरपणेच म्हणाला होता.

सगळ्याचं मूळ चौथ्या मजल्यावर होतं. तिथे, बरोब्बर गच्चीखाली, अनंतराव धामणकर राहत.

धामणकर निवृत्त झाले आणि त्यांच्या कानांची नोकरी सुरू झाली. गच्चीवर कुणी खुर्ची ओढली की तक्रार. पाण्याचा पंप घरघरला की तक्रार. कुणी वाळत घातलेली चादर झटकली तरी तक्रार, कारण त्यांच्या मोबाइलमध्ये आवाज मोजायचं ॲप होतं आणि त्यातला काटा चादरीलाही हलायचा. दशरथने खाली तक्रारपेटी लावली, तिच्यात त्यांनी एक चिठ्ठी टाकली नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर लिहा म्हटलं तर नकार. तक्रार ही सेक्रेटरीच्या दारात उभं राहून, प्रत्यक्षच नोंदवायची असते, असं त्यांचं तत्त्व होतं. आणि नोंदवायला ते यायचे दुपारी, जेवणाच्या सुमाराला, जेव्हा दशरथ गोरेगावला औषधांच्या गोदामात असायचा, बायको नंदा पाळणाघरात आणि मुलगी कल्पिता ऑफिसात. दुपारी घरी असायची फक्त दशरथची आई, पुतळाबाई, आणि पुतळाबाईंना गेली कित्येक वर्षं ऐकू येत नव्हतं. कानाचं यंत्र घेऊन दिलं होतं, ते पावडरच्या डब्यात पडून होतं. कानात खेकडा शिरल्यासारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं.

"अहो धामणकर, आईला एक अक्षर ऐकू येत नाही. तिच्यापुढे तक्रार करून काय उपयोग?" दशरथने एकदा हात जोडून विचारलं होतं.

"तो तुमचा प्रश्न आहे, चिखले. मी माझं कर्तव्य करतो."

संध्याकाळी ग्रुपवर निरोप यायचाच, की आज दुपारी सेक्रेटरींच्या निवासस्थानी प्रत्यक्ष तक्रार नोंदवली आहे. पुतळाबाईंना विचारावं तर त्या म्हणायच्या, आला होता तो वरचा, बोलला आणि गेला, बरा माणूस हाय. बरा माणूस म्हटल्यावर दशरथच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

तसा माणूस देवभोळा असावा. श्रावणभर गच्चीवर बायकांची भजनं चालत, धामणकर चकार शब्द काढत नसत. नवरात्रात तर खालच्या पटांगणात नऊ दिवस गरबा, खिडक्यांच्या काचा थरथरत, पण त्यांची एकही तक्रार नाही. सोमवार-गुरुवारही कोरडे जात. निदान देवाला तरी हा माणूस भितो, एवढंच समाधान दशरथ मानून घ्यायचा. दसरा उलटला की मात्र पहिल्याच बुधवारी स्वारी दारात हजर.

या वेळी प्रकरण नुसत्या वैतागापुरतं राहिलं नव्हतं. धामणकरांनी वार्षिक सभेत ठराव आणला होता, की यापुढे गच्चीवरच्या कार्यक्रमाबद्दल एक जरी तक्रार आली तरी गच्चीला वर्षभर कुलूप. लोकांना वड्याची घाई होती, ठराव मंजूर झाला. वर्धापनदिनानंतर तीन आठवड्यांनी, त्याच गच्चीवर, कल्पिताची हळद होती.

आता कोळ्याच्या घरची हळद म्हणजे काय, हे ज्याने बघितलंय त्याला सांगायला नको, आणि ज्याने बघितलं नाही त्याला निदान ऐकू तरी आलेलं असतं. चिखले मूळचे वर्सोव्याचे. तिथलं घर वाटण्या होऊन एवढंसं उरलं होतं, अंगण म्हणून पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून मांडव इथे. बँजो पार्टी ठरली होती. आणि बँजो हवा होता तो पुतळाबाईंसाठी. त्यांना गाणं ऐकू येत नाही, माणूस ऐकू येत नाही, पण बँजोबरोबरचा ढोल वाजायला लागला की जमिनीतून पायात येतो, तेवढा त्यांना येतो. नातीच्या हळदीत नाचणार आणि मग खुशाल डोळे मिटणार, असं त्या वर्षभर येईल-जाईल त्याला सांगत होत्या. त्या हळदीत बँजो नाही, हे आईला कुठल्या तोंडाने सांगायचं, आणि ते तिला ऐकू तरी कसं जायचं, या विचाराने दशरथची झोप उडाली होती.

वर्धापनदिन रद्द करावा तर तीही सोय नव्हती. आमचा कार्यक्रम बंद आणि स्वतःच्या मुलीला बँजो का, असं लोक विचारणार, आणि विचारणार ते तोंडावर विचारणार. थोडक्यात, कार्यक्रम तर व्हायला हवा आणि आवाज तर होता कामा नये. इकडे आड तिकडे विहीर, आणि मध्ये धामणकरांचं ॲप.

मार्ग काढला दुसऱ्या मजल्यावरच्या प्रबुद्ध सपकाळेने. हा मुलगा गोरेगावच्या एका स्टुडिओत सिनेमांना आवाज जोडायचं काम करायचा. नायक चालला की पावलांचा, दार लागलं की दाराचा, दिवसभर कानात हेच. त्यामुळे त्याला शांततेचं फार प्रेम होतं.

"चिखलेकाका, आपण मूकपट दाखवू ना. शंभर वर्षांपूर्वीचा. त्यात आवाजच नाही."

"कमी ठेवायचा का आवाज?"

"नाहीच आहे काका. त्या काळी फिल्मला आवाज नव्हताच."

"चुकून सुद्धा येणार नाही?"

"कुठून येणार? भरलेलाच नाही."

दशरथने या पोराचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

तयारी दशरथने जातीने केली. खुर्च्या ओढल्या जातात म्हणून सतरंज्या. चपला जिन्याखालीच काढायच्या. वेफर्स कुरकुरतात म्हणून रद्द, चिवडाही त्याच कारणाने, आणि ढोकळा मऊ म्हणून पक्का. कागदी बशा वाजत नाहीत ना हे त्याने दोन बशा एकमेकींवर घासून बघितलं. नंदा त्याच्याकडे बघून म्हणाली, अहो, हळदीला मिक्सर तरी लावू द्याल ना. तो उत्तरादाखल फक्त कण्हला.

शनिवारी दिवेलागणीनंतर पाण्याच्या टाकीला पांढरी चादर बांधली, प्रबुद्धने प्रोजेक्टर लावला आणि लोक चोरासारखे पावलं न वाजवता गच्चीवर जमले. पुतळाबाई सगळ्यांत पुढे, मांडी घालून. प्रबुद्धने दबल्या आवाजात चार शब्द सांगितले, की तेव्हाचे नट चेहऱ्याने बोलत, डोळ्यांनी बोलत, तुम्ही फक्त बघा, शांतता ऐका. लोकांनी माना डोलावल्या. शांतता ऐका म्हणजे काय करायचं ते कुणाला कळलं नाही, पण मुलगा चांगला शिकलेला होता.

सिनेमा सुरू झाला. एका परक्या शहरातला एक हडकुळा तरुण, भाड्याच्या खोलीत राहून भलामोठा ढोल बडवायचा रियाज करतोय. घरमालक जाडा, मिशाळ. तो दारावर धपाधप मारतोय. ढोल वाजतोय, दार वाजतंय, आणि गच्चीवर चिडीचूप. पहिली पाच मिनिटं लोक चांगले बसले. मग चुळबूळ सुरू झाली. कुणी आपल्या मोबाइलचा आवाज तपासला. कुणी उठून प्रोजेक्टरच्या मागची वायर हलवून बघितली. खजिनदारांनी आपल्या दोन्ही कानांत करंगळी फिरवली. ढोल डोळ्यांसमोर बडवला जातोय आणि ऐकू येत नाही, हे आजच्या माणसाला सहन होत नाही. त्याला वाटतं, काहीतरी बिघडलंय आणि बहुतेक आपल्यातच बिघडलंय. दशरथ मात्र भिंतीला टेकून बसला होता आणि कितीतरी दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर सुख होतं.

एवढ्यात गच्चीचं दार उघडून धामणकर आले. मागे त्यांच्या पत्नी चेतनाताई. गळ्यात तुळशीची माळ, हातात जपाची पिशवी.

"काय झालं?" दशरथ धडपडत उठला. "आवाज आला का खाली?"

"नाही आला," धामणकर संशयाने म्हणाले. "वर पन्नास माणसं आणि आवाज नाही, हे काही बरं लक्षण नाही. काय चाललंय ते बघायला आलो." ते सतरंजीवर टेकले आणि मोबाइल काढून ॲप चालू करून मांडीवर ठेवला.

खरी गडबड पाट्यांनी केली. पात्रं बोलली की मधूनच पडद्यावर इंग्रजीत एखादी ओळ लिहून यायची. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी अर्थ विचारला. श्रुतिका नावाच्या कॉलेजच्या मुलीने तो कुजबुजत मराठीत सांगितला. लगेच धवलभाईंनी आपल्या आईसाठी गुजरातीत सांगितला. मागच्यांना दोन्ही ऐकू आलं नाही, म्हणून मधल्यांनी मागे सांगितलं. मागे पोचेपर्यंत त्यात थोडी भर पडली होती. दशरथने ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं, आणि त्याचा तो 'शू' एवढा जोरात गेला की ॲपवरचा पहिला पिवळा दिवा त्यानेच लावला.

तेवढ्यात घरमालक पडद्यावर भरपूर बोलला. हात नाचवले, मिशा थरथरल्या, मुठी आवळल्या. मग पाटी आली. श्रुतिकाने वाचून सांगितलं, की 'हे थांबव.'

"बस?" खजिनदार म्हणाले. "एवढा वेळ बोलला आणि फक्त हे थांबव? बाकीचं काय बोलला?"

"तेवढंच लिहिलंय."

"अगं पण बोललाय तो. मी बघितलं ना. निदान दहा-बारा वाक्यं होती."

"प्रबुद्ध, बाकीचं कुठं गेलं?" कुणीतरी मागून विचारलं.

प्रबुद्ध कळवळून म्हणाला, की बाकीचं कुणालाच माहीत नाही, त्या नटालाच माहीत, आणि तो कधीच गेला. ही गोष्ट गच्चीला पटली नाही. माणूस समोर बोलतोय आणि काय बोलतोय हे जगात कुणालाच माहीत नाही, असं कसं असेल. प्रबुद्ध मुद्दाम लपवतोय, काहीतरी चावट असणार, असा सूर निघाला. शिव्याच देत असणार, असंही एकजण म्हणाला. वाद वाढला, ॲपवर पिवळा दिवा स्थिरावला. दशरथ या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकून वाकून हात जोडत फिरत होता.

"मी सांगू काय बोलतंय तो?"

पुतळाबाईंना स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे त्या नेहमी भर बाजारात उभं असल्यासारख्या बोलत. त्यांचा प्रश्न बहुधा समोरच्या इमारतीलाही गेला. सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"तो जाडा विचारतंय, पोरा, सकालपासून हात चालवतंस, जेवलास का नाय? पोरगा बोलतंय, नाय जेवलो. मग जाडा बोलतंय, आधी जेव आन मग वाजव."

दशरथ आणि नंदाने एकमेकांकडे बघितलं. दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं. आई रोज संध्याकाळी टीव्हीवर सगळ्या मालिका बघायची, मान डोलवायची, पदराने डोळे पुसायची. तिच्यासाठी सगळंच मूकपट होतं, गेली कित्येक वर्षं. या अख्ख्या गच्चीवर मूकपट बघायची सवय असलेलं माणूस एकच होतं, आणि ते सगळं साफ चुकीचं सांगत होतं.

पण गच्चीला ते चुकीचं फार आवडलं. पुढे पोलीस आला, पुतळाबाईंच्या मते तो पोलीस नव्हताच, मुलीचा मामा होता आणि लग्नाची बोलणी करायला आला होता. एक नटवी बाई रडली, पुतळाबाई म्हणाल्या तिचा गॅस संपलाय. दर वाक्याला हशा. धवलभाई त्याचं गुजराती करून सांगत, तिकडून दुसरा हशा. खजिनदार सतरंजीवर आडवे झाले. नवऱ्यामुलाचा, म्हणजे कृणालचा फोन आला म्हणून कल्पिता बाजूला गेली होती, ती फोनवरच त्याला आजीचा सिनेमा ऐकवायला लागली. प्रबुद्ध डोक्याला हात लावून प्रोजेक्टरमागे बसला होता. आयुष्यात एकदा लोकांना शांतता ऐकवायची त्याची इच्छा होती, तिची पार वाट लागली होती.

ॲपवर लाल दिवा लागला. धामणकर उठून उभे राहिले.

"चिखले, बघा. स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मूकपट म्हणे. उद्या रविवार आहे. उद्या दुपारी तुमच्या घरी येतो आणि रीतसर तक्रार नोंदवतो. ठराव तुम्हाला ठाऊक आहे."

दशरथ त्यांना आडवा आला. "धामणकर, उद्या नको. कधीच नको. माझ्या मुलीची हळद आहे हो. आई वर्षभर त्या दिवसावर डोळे लावून बसलीय. स्पीकर नाही, काही नाही, लोक नुसते हसले. हसण्यावर कोण तक्रार करतं?"

"हसण्याचा प्रश्न नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे." धामणकरांनी उजवा हात वर केला, तर्जनी दशरथच्या नाकासमोर नाचवली आणि शांततेचा हक्क, ज्येष्ठ नागरिक, कायदा असं ते एकापाठोपाठ बोलत सुटले. नेमका त्याच वेळी पडद्यावर जाडा घरमालक पुन्हा दारात आला होता आणि तोही तर्जनी नाचवत होता. इकडे हे, तिकडे तो. दोघांचा हात एकाच तालात खालीवर होत होता.

पुतळाबाईंनी पडद्याकडे बघितलं, मग धामणकरांकडे बघितलं आणि त्या खळखळून हसल्या.

"बघ रे दशरथ, सेम टू सेम. ह्यो आपला वरचा पन असाच येतो दारात. असाच हात हलवतो. भूक लागते बिचाऱ्याला, पन बोलाला लाजतो. मी मंग त्याला तुकरी देते, तवा गप होतो."

"काय देता?" हे चेतनाताईंनी विचारलं. आवाज चढवला नव्हता, पण त्या पुतळाबाईंच्या अगदी समोर येऊन बसल्या होत्या, आणि एवढे दोन शब्द ओठांवरून कळायला पुतळाबाईंना कुठलीच अडचण नव्हती.

"तुकरी. सुरमईची. तलले असले तर बोंबील. परवाला जवला दिला भाकरीवर. सोमवार-गुरुवार आपला काय नसतं, तेवा येत नाय तो, समजूतदार हाय. दारातच उभा राहून खातो. पानी पन मागत नाय, रुमालाला हात पुसतो आन जातो."

गच्चीवर शांतता पसरली. प्रबुद्धने संध्याकाळपासून जी मागितली होती ती हीच. टाकीतल्या पाण्याचा एक थेंब पडला तोही सगळ्यांना ऐकू आला. धामणकरांची तर्जनी हवेतच राहिली होती.

दशरथच्या डोक्यात मात्र एकेक दार उघडत चाललं होतं. श्रावण. नवरात्र. सोमवार आणि गुरुवार. तक्रारपेटीला नकार, ग्रुपला नकार, दुपारची जेवणाची वेळ. ज्या माणसाला तो देवभोळा समजत होता तो त्याच्या आईच्या तव्यावर कान लावून बसलेला होता.

"म्हणजे रुमालांना यायचा तो वास हा," चेतनाताई सावकाश म्हणाल्या. "मला म्हणालात जिन्यातून येतो. मी माळ घातली तेव्हा माझ्याबरोबर पुढे होऊन म्हणालात, मीही सोडतो, कायमचं सोडतो. आणि ते रुमाल मी तीन-तीनदा धुतले."

धामणकरांनी तोंड उघडलं. ओठ हलले, हात हलला, दोनदा छातीवर गेला. आवाज काही बाहेर आला नाही. या वेळी पुतळाबाईंनीही अर्थ सांगितला नाही.

"चिखले," अखेर ते एवढंच म्हणाले, "माझी काही तक्रार नाही."

उरलेला सिनेमा सगळ्यांनी मूकपणे बघितला. हडकुळ्या तरुणाचा ढोल फुटला, जाड्या घरमालकाने त्याला दुसरा आणून दिला आणि मग दोघं मिळून बडवायला लागले. कुणी अर्थ विचारला नाही. ॲपवर हिरवा दिवा होता. शेवटी प्रबुद्धने चादर सोडताना दशरथला सांगितलं की काका, शेवटची पंधरा मिनिटं झकास झाली.

नंतरचे तीन आठवडे तक्रार नाही. दशरथने सुटकेचा निःश्वास सोडला, पण पुतळाबाई दर बुधवारी आणि शुक्रवारी एक तुकडी बाजूला काढून दाराकडे बघत बसायच्या. वरचा आजारी आहे का, असं त्या विचारायच्या. नंदाने खुणा करून समजावायचा प्रयत्न केला, तर त्या म्हणाल्या, मग तूच वर नेऊन दे ना. त्या घरी नेऊन देण्याएवढं धाडस नंदात नव्हतं.

हळदीच्या संध्याकाळी गच्ची दिव्यांनी भरली. वर्सोव्याहून माणसं आली, पाटावर कल्पिता पिवळीजर्द बसली, एका कोपऱ्यात तवे चढले आणि बँजोने सुरुवात केली तशी सागरछाया तळापासून हलली. पुतळाबाईंनी चपला काढल्या. दोन्ही तळवे गच्चीवर नीट टेकवले, क्षणभर डोळे मिटले, ढोल पायातून वर चढू दिला आणि मग पदर खोचून त्या ज्या नाचायला लागल्या, ते बघून दशरथचे डोळे भरून आले. आई ठेका एकदाही चुकली नाही. डोळे पुसून त्याने वर बघितलं तर गच्चीच्या दारात धामणकर उभे होते, आणि मागे चेतनाताई.

बँजो एवढा जोरात होता की स्वतःचा श्वास ऐकू येत नव्हता. धामणकरांचे ओठ भराभर हलत होते. उजवा हात वर, तर्जनी नाचतेय, भुवया चढलेल्या. मोबाइलही हातात होता. दशरथला ठरावाची आठवण झाली, कुलपाची आठवण झाली, नाचणाऱ्या आईकडे नजर गेली. जड पावलांनी तो दाराशी गेला.

धामणकरांच्या आधी चेतनाताईच पुढे झाल्या. त्यांनी दशरथच्या कानाशी तोंड नेलं, आणि आता आपल्याला काय ऐकावं लागणार म्हणून त्याने डोळे मिटले.

"तीन आठवडे तोंड पाडून बसलेत घरात. बघवत नाही. काय द्यायचं ते द्या, पण हातात कागदाचे नॅपकिन द्या," त्या ओरडून म्हणाल्या, आणि धामणकरांच्या खिशातला रुमाल काढून घेऊन, पाटावरच्या कल्पिताला लांबूनच हात जोडून, खाली निघून गेल्या.

धामणकरांनी हे काही ऐकलं नव्हतं. बायको पुन्हा मागे येऊन उभी आहे, अशा समजुतीने ते अजून तावातावाने बोलत होते. हात हलत होता, मिशा हलत होत्या. दशरथ त्यांच्यासमोर उभा राहिला आणि सेक्रेटरी झाल्यापासून पहिल्यांदाच त्याने त्यांची तक्रार अगदी मन लावून, शेवटपर्यंत बघितली. एक शब्द ऐकू आला नाही. पण धामणकरांचं बोट होतं बँजोकडे, आणि डोळे होते तव्याकडे.

दशरथने समजल्याची मान हलवली, त्यांचा दंड धरून त्यांना पाण्याच्या टाकीमागे नेऊन बसवलं आणि सुरमईची मधली तुकडी आणायला तो कोपऱ्याकडे वळला. पण तिथे नाचता नाचता थांबलेल्या पुतळाबाई, पदर खोचलेलाच, ताट वाढून आधीच उभ्या होत्या.